खिशातला फ्यूज

टिल्लूनं आईवर पहिल्यांदा हात टाकला तो भरदुपारी, गिऱ्हाइकाच्या देखत.

त्याची आई, गल्लीच्या काकू, खाली दुकानात बसल्या होत्या. मांडीवर पाण्याच्या पंपाची उघडी मोटार, समोर स्टुलावर त्या पंपाचा मालक, कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला. वरच्या खोलीतून टिल्लूच्या आरोळ्या येत होत्या. "डावीकडं, डावीकडं! अरे गाढवा, मागं बघ! घाल डोक्यात, संपव त्याला!" दर आरोळीला लाँड्रीवाला दचकत होता आणि काकू त्याला समजावत होत्या, "काही नाही हो, खेळतोय." जेवायला ये म्हणून त्यांनी जिन्यात उभं राहून हाका मारून पाहिल्या. घसा कोरडा पडला तेव्हा त्यांनी हात लांब केला आणि भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीची पिन उपटली.

वरची आरोळी अर्ध्यात तुटली. मग जिना दणाणला. सहा फुटी टिल्लू दारात उभा, अनवाणी, गळ्यात हेडफोन लोंबतोय, डोळे तांबारलेले.

"कोणी बंद केलं?"

"मी. भात गार होतोय. दोन घास खा आणि मग..."

पुढचं तोंडातच राहिलं. मूठ कानशिलाच्या खाली बसली आणि काकू मोटारीसकट बाजूला कलंडल्या. मोटार फरशीवर आदळली. लाँड्रीवाला ताडकन उठला.

"अरे, आई आहे ती तुझी!"

"म्हाताऱ्या, तू तुझे कपडे धू."

टिल्लूनं पिन परत लावली, हिरवा दिवा लुकलुकेपर्यंत थांबला आणि जसा आला तसा वर गेला. जरा वेळानं पुन्हा आरोळ्या सुरू झाल्या. काकूंनी कानामागं बोटं नेली, ती लाल होऊन आली. त्यांनी मोटार पुन्हा मांडीवर ओढली, तिला कुठं चेप पडला का ते फिरवून पाहिलं आणि मग लाँड्रीवाल्याला म्हणाल्या,

"फळीवरून पक्कड पडली कानावर. काय मेलं एकेक."

लाँड्रीवाल्यानं आ वासला. "काकू, मला सांगताय? मी इथंच बसलोय की!"

"हो ना. मग कोणी विचारलं तर सांगा, पक्कड पडली."

काकूंच्या नवऱ्यानं हे दुकान टाकलं होतं. जळलेल्या मोटारी, पंखे, मिक्सर, जे जे गरगर फिरतं ते त्याच्याकडं यायचं. जळलेली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, ह्याला वाइंडिंग म्हणतात. लग्न झाल्यावर काकू त्याला चहा द्यायला म्हणून खाली यायच्या आणि कप घेऊन जायचं विसरून तिथंच बसायच्या. तो गेला तेव्हा मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गांत होती आणि टिल्लू अजून बुटाची नाडी उलटी बांधत होता. दुकान आता बंदच, असं सगळ्यांनी धरलं होतं. काकूंनी शटर वर केलं. एका गिरणीवाल्यानं तोंड वाकडं करून विचारलं, "बाईनं भरलेली मोटार चालेल का पण?" काकू म्हणाल्या, "मोटारीलाच विचारा." मोटार चालली. अजून चालते म्हणतात.

वाइंडिंगमध्ये ताकद लागत नाही, मोजणी लागते. एका वेटोळ्यात ठरलेले फेरे. एखादा कमी पडला, एखादा जास्त झाला की मोटार घुमते, तापते आणि शेवटी धूर सोडते. म्हणून फेरे मोजताना काकू कोणाशी बोलत नसत. कोणी बोलायला गेलंच तर त्या आकडे मोठ्यानं म्हणायच्या. गल्लीला ते ठाऊक होतं. काकू आकडे ओरडायला लागल्या की माणसं मुकाट्यानं बाकावर टेकायची. टिल्लूला मात्र ते कळत नसे. तो गळ्याला लोंबकळायचा, "आई, बघ ना. आई. आई गं." फेरे चुकायचे, तार उलगडायची, पुन्हा पहिल्यापासून. एके दिवशी काकूंनी त्याच्या हातात मोबाइल दिला. पोरगं गप्प झालं. फेरे जमले. संध्याकाळपर्यंत तीन पंखे झाले आणि काकूंना वाटलं, देवच पावला.

आईची मोजणी मात्र त्यानं उचलली. मोठा झाल्यावर तो ज्या गोळीबाराच्या खेळात बुडाला, त्यात त्याचं नाव होतं ते ह्यासाठीच. समोरच्यानं किती गोळ्या झाडल्या हे तो कानानं मोजायचा आणि बंदूक रिकामी झाली त्या क्षणी भिंतीआडून त्याच्या अंगावर जायचा. कुठकुठल्या गावांतली चार पोरं त्याला कॅप्टन म्हणायची. त्यातल्या एकाचंही तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं. खेळात तो 'राख' होता. घरात एवढा ताडमाड होऊनही टिल्लूच.

तंत्रनिकेतनाच्या परीक्षेला म्हणून तो घरातून निघाला आणि तिथं पोचलाच नाही. त्यानंतर त्यानं खोलीच धरली. दिवसा झोप, उठला की खेळ. अंघोळ नाही. हातापायांच्या काड्या झाल्या. त्याची ताई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या कामाला होती. एका रविवारी केर काढताना तिला त्याच्या टेबलाखाली पाण्याच्या बाटल्या दिसल्या, ओळीनं लावलेल्या, पिवळ्या. आधी तिला कळलं नाही. कळल्यावर ती न्हाणीघरात जाऊन ओकली. खेळ सोडून लघवीला उठायलाही त्याला जमत नव्हतं.

"आई, हे खेळणं नाहीये," ती म्हणाली. "हे दारूसारखं आहे."

"दारू प्यायला तो बाहेर तरी गेला असता," काकू म्हणाल्या आणि बाटल्या स्वतः मोरीत रिकाम्या केल्या.

पहिल्या ठोशानंतर दुसरा यायला फार वेळ लागला नाही. मारायचं एकदा सोपं झालं की सोपंच होत जातं. त्यानं कीबोर्ड मारून आरसा फोडला. खोलीच्या दाराला बुक्क्यांनी भोक पाडलं. वरच्या बोळातला विजेच्या बटणांचा डबा लाथेनं भिंतीतून उखडला. ताईनं "जरा हळू" म्हटलं म्हणून तिचा चष्मा तिच्या तोंडावरून ओढून पायाखाली चिरडला. काकूंच्या दंडावर निळं, मग हिरवं, मग पिवळं होत जायचं आणि पिवळं पुसायच्या आत शेजारी नवं निळं उमटायचं. काकू लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घ्यायला लागल्या. कधीकधी मारून झाल्यावर तोच फ्रीजमधला बर्फ रुमालात बांधून आणायचा आणि पाठमोरा बसून म्हणायचा, "तू मध्ये येतेसच कशाला?" त्या बर्फासाठी काकू बाकीचं सगळं गिळायच्या.

ताईनं शेवटी मामाला कळवलं. मामा बसच्या डेपोत फिटर. हात असे, की पाना विसरला तरी नट सुटावा. तो आला तोच बाह्या सरसावत.

"दादा, हळू बोल," काकू म्हणाल्या.

"हळू बोलून बोलूनच तू इथवर आणलंस." तो जिना चढला आणि दार ढकलून आत गेला. "उठ रे."

"मामा, पाच मिनिटं. मॅच चालू आहे."

"मॅच? थांब, तुला मॅच दाखवतो."

त्यानं भाच्याला मानगुटीला धरून खुर्चीसकट मागं ओढलं. कमरेचा पट्टा निघाला. पहिले फटके टिल्लूनं अंग चोरून घेतले, लहानपणी घ्यायचा तसे. काकू दारात उभ्या राहून "पुरे रे, पुरे" म्हणत होत्या. ते मामाला उद्देशून होतं, हे ध्यानात घ्या. मग मामानं पडद्यावर पट्टा मारला, काचेला तडा गेला, आणि पोरगा फिरला. त्यानं लाकडी स्टूल उचललं आणि सरळ मामाच्या तोंडावर घातलं. मामा भिंतीवर आपटला. टिल्लूनं स्टूल पुन्हा उगारलं. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. एखादं काम उरकतोय तसा तो नुसता लक्ष देऊन बघत होता, आता कुठं मारायचं. काकू मध्ये पडल्या. स्टूल त्यांच्या खांद्यावर बसलं.

मग मामा जिन्याच्या पायरीवर बसला होता, शर्ट रक्तानं माखलेला, तळहातावर एक दात.

"घ्या. भाच्यानं मामाला दिलेली भेट," तो फुसफुसत म्हणाला. दाताच्या खिंडारातून शब्द निसटत होते. ताईला हसू फुटलं आणि लगेच रडू. मामानं दात रुमालात बांधला. "आज मी गप्प बसतो, माझ्या बहिणीचं पोर आहे म्हणून. पण ऐक. पुन्हा ह्यानं तुझ्यावर नाहीतर पोरीवर हात टाकला आणि तू लपवलंस, तर मी पोलिसांत जाईन. मग बस तुझ्या सोन्याला गजांच्या आत डबा पोचवत."

पोलीस नकोत म्हणून काकू ताईला घेऊन सरकारी दवाखान्यातल्या व्यसनाच्या वॉर्डात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि थकलेल्या.

"अशी पोरं येतात आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "ठेवून घेऊ. पहिले काही दिवस फार वाईट जातात, आरडाओरडा करतात, अंगावर येतात. मग उतरतं. पण तो सज्ञान आहे. तो स्वतःहून येणार नसेल, तर त्याच्यापासून घरच्यांना धोका आहे हे तुम्ही तुमच्या तोंडानं मला सांगायला हवं. मारतो का तो?"

ताईनं आईकडं पाहिलं.

"चिडतो," काकू म्हणाल्या.

"मारतो का?"

"वस्तू आपटतो."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कानाखालचा पिवळा डाग पाहिला. खांदा सांभाळत त्या कशा बसल्या होत्या तेही पाहिलं. "आणि हे?"

"आमच्या कामात लागतं असं काहीबाही."

परतताना ताई रस्त्यातच उभी राहिली. "तू खोटं का बोललीस? एक शब्द बोलायचा होता. एक!"

"एकदा 'मारतो' म्हटलं ना, की तो मारणारा होतो," काकू म्हणाल्या. "जन्मभराचा. मग तो बरा होऊन आला तरी लोक त्याच्याकडं तसंच बघणार. मीसुद्धा. मी त्याला घरीच वळणावर आणते. मला थोडे दिवस दे."

"आई, तेवढ्यात कोणाचा तरी जीव जाईल."

"नाही जात."

उपाय काकूंना दुकानातच सुचला. जिन्याखाली वीजमीटरचा जुना बोर्ड होता. त्यावर दोन फ्यूज, पांढऱ्या चिनीमातीच्या ठोकळ्या, एक दुकानाचा, एक वरच्या मजल्याचा. ठोकळी ओढून काढली की ती लाइन मेली. नवऱ्यानं शिकवलेला पहिला धडा हाच होता: लाइनवर काम करायचं तर फ्यूज काढून बाजूला ठेवायचा नाही, खिशात घालायचा. बाजूला ठेवलेला कोणीही परत बसवतो. खिशात असला की आपला जीव आपल्यापाशी. काकूंनी त्यासाठीच परकराला खिसा शिवून घेतला होता. काकूंनी टिल्लूला समोर बसवलं आणि सांगितलं, "दिवसभर वरचा फ्यूज माझ्या खिशात. दिवे लागले की देईन. जेवणं झाली की परत काढीन."

त्यानं एकदा तिच्या खिशाकडं पाहिलं आणि वर गेला. मामाच्या दातानंतर त्याचं बोलणं कमी झालं होतं.

आणि खरंच सांगायचं तर ते चाललं. पहिल्या आठवड्यात त्यानं वर खूप आदळआपट केली, काकूंच्या अंगावर दोनदा धावून आला, एकदा त्यांचे केस धरून त्यांना जिन्यावरून फरफटत खाली आणलं. फ्यूज त्यांनी दिला नाही. मुठीत इतका घट्ट धरला की ठोकळीची कड तळहातात रुतली. मग तो दमला. वर उकाडा, अंधार, करायला काही नाही. एक दिवस तो खाली आला आणि बाकाच्या टोकाला बसला. काकूंनी न बघता त्याच्यापुढं कात्री आणि इन्सुलेशनचा कागद सरकवला. तो पट्ट्या कापायला लागला. सुबक, एकसारख्या. दुसऱ्या आठवड्यात त्यानं टेबलफॅनचं एक वेटोळं भरलं. पंखा फिरला तेव्हा तो त्याच्यासमोर तोंड धरून बसला, डोळे मिटून. कपाळावरचे केस उडत होते.

"बघ, आलं की नाही," काकू त्या दिवशी ताईला म्हणाल्या.

"आई, तू त्याच्या हातात पक्कड देतेस, मला झोप लागत नाही."

"तू उगाच भितेस. कामाला लागलाय तो."

कामाला तो लागलाच होता. फक्त कोणत्या, ते काकूंना दिसलं नाही. बोर्ड कसा उघडतो, फ्यूजच्या खाचेत कोणत्या दोन पितळी पट्ट्या असतात, त्या तारेनं जोडल्या तर काय होतं, हे सगळं तो आईच्याच बाकावर बसून शिकत होता.

खेळाच्या स्पर्धेची फायनल दुपारची होती. आदल्या दिवशी तो मागं लागला.

"आई, फक्त उद्या. माझ्यावर चार पोरं अवलंबून आहेत."

"दिवे लागल्यावर खेळ."

"फायनल दिवे लागल्यावर नाहीये ना! ते काय तुझ्या फ्यूजसाठी थांबणारेत?"

"ठरलं ते ठरलं, राजा."

त्यानं भिंतीवर बुक्क्या मारायला सुरुवात केली. बोटांची सालं निघाली, चुन्यावर लाल ठसे उमटले. मग खाली बसून आईच्या पायांना मिठी मारली आणि हमसाहमशी रडला. काकूंचा हात खिशापर्यंत गेला होता. तिथंच थांबला. टिल्लू उठला, डोळे पुसले. "ठीक आहे," म्हणाला. एवढ्या शांतपणानं, की काकूंना वाटलं आपण जिंकलो.

जिंकलेल्या आईला काहीतरी द्यावंसं वाटतं. काकूंनी एक जुना छताचा पंखा नव्यानं भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी ठरवलं, वरच्या दोन खोल्यांमधल्या बोळात तो टांगायचा. बोळात वारा आला की टिल्लू खोलीचं दार उघडं ठेवील, असं त्यांचं साधं गणित. लाकडी शिडी उभी केली, पंख्याचा दांडा भिंतीशी टेकवला, पंखा शेजारी. टिल्लूचं दार बंद होतं, आत सामसूम. झोपला असेल.

त्या शिडीवर चढल्या. छतातून दोन तारा लोंबत होत्या. बटणांचा डबा टिल्लूनं फोडल्यापासून त्या थेट जोडलेल्या होत्या. दुसऱ्याच्या घरी काकूंनी टेस्टर लावल्याशिवाय तारेला बोट लावलं नसतं. टेस्टर खाली बाकावर होता. त्यांनी खिसा चाचपला. फ्यूज होता. डाव्या हातानं छताचा लोखंडी हुक धरला आणि उजव्या हातानं तार सोलायला घेतली.

मूठ आपोआप आवळली गेली. विजेची एक गंमत आहे, ज्याला सोडायचं असतं त्याला ती सोडू देत नाही. काकूंचे दात एकमेकांवर गच्च बसले, मान मागं गेली, घशातून आवाज फुटेना. हातातून धूर निघतोय हे त्यांना दिसत होतं आणि त्या हाताशी आपला काही संबंध नाही असं वाटत होतं. पाय थरथरले, शिडी हलली, तिरकी झाली आणि त्यांच्या वजनानं हात तारेपासून सुटला. त्या उजव्या मनगटावर पडल्या. शिडी टिल्लूच्या दारावर धाडकन आदळली.

आत टिल्लू हेडफोन लावून खेळत होता. आई खाली दुकानात असताना त्यानं तिच्या पाठीमागून जिना उतरून फ्यूजच्या जागी तार जोडली होती, तिच्याच बाकावरची तांब्याची तार. धाडकन आवाज आला तेव्हा त्याला एकच सुचलं: आईनं तार पाहिली, आता ती दार फोडतेय.

"आता नाही!" तो आतून ओरडला. "आई, आता नाही हं!"

कपाट फरशीवरून खरवडत दाराशी आलं.

काकूंना हाक मारता येत नव्हती. छाती आवळून बसली होती. चालत होता तो एक पाय. त्यांनी टाचेनं दार वाजवलं.

"लाथा मारू नकोस! बाहेर आलो ना, तर मारूनच टाकीन तुला!"

त्यांनी पुन्हा वाजवलं.

"मर ना तिकडं!" तो किंचाळला आणि लगेच आवाज बदलून कोणाला तरी म्हणाला, "काही नाही रे, आई आहे. तू कव्हर दे." मग गोळ्या मोजायला लागला. "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. रिकामी! चल, चल, आत घुस!"

ताई दुपारच्या सुट्टीत जेवायला आली तेव्हा जिन्यातच तिला जळकट वास लागला. वर येऊन तिनं आई पाहिली, उजव्या तळव्यावरची काळी पांढरी भेग पाहिली, छताच्या तारा पाहिल्या. ती वाइंडिंगवाल्याची मुलगी होती. रडत न बसता ती खाली पळाली, बोर्डाचं झाकण उघडलं, फ्यूजच्या रिकाम्या जागी चमकणारी तार पाहिली आणि मेन स्विच खाली ओढला.

वर खोलीतून जनावरासारखी डरकाळी आली. कपाट कोसळलं. टिल्लू बाहेर आला तोवर ताई पुन्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचली होती. बोळात पडलेल्या आईला ओलांडून तो तिच्यावर गेला. खरंच ओलांडून, पाय उचलून, जशी वाटेत गोणी पडलेली असावी.

"तू केलंस? तू? दोनच उरले होते! दोन!"

त्यानं तिला भिंतीशी दाबलं. दोन्ही हात गळ्याभोवती. ताईनं नखांनी त्याचं तोंड ओरबाडलं, गुडघा मारला. तो हलला नाही. तिचा चष्मा नाकावरून घसरला, चेहरा जांभळा व्हायला लागला, ओठांतून नुसतं खर्र खर्र येत होतं. तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.

काकूंच्या डाव्या हाताला पंख्याचा दांडा लागला. लोखंडी, हातभर लांब. त्या गुडघ्यावर आल्या. टिल्लूला उभ्या आयुष्यात त्यांनी चापट मारली नव्हती. पहिला घाव त्याच्या पोटरीवर बसला, त्याला जाणवलाही नाही. दुसरा त्यांनी भिंतीला पाठ लावून, उठून, सगळा जोर लावून त्याच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला, ओली काटकी मोडावी तसा. एक हात सुटला. त्यांनी तिसरा घाव खांद्यावर घातला. चौथा घालायला दांडा वर नेला तेव्हा ताई खाली घसरली होती, खोकत होती, आणि टिल्लू गुडघ्यांवर बसून मोडका हात पोटाशी धरून आईकडं पाहत होता.

"आई," तो म्हणाला, "तू इथं काय करतेस?"

काकूंनी दांडा खाली केला नाही.

त्यानं शिडी पाहिली. छताच्या तारा पाहिल्या. मग आईचा उजवा हात. त्याच्या तोंडाचा रंग उडाला. "मला वाटलं तू दार फोडतेयस. देवाशप्पथ, आई. मला वाटलं..."

"मामाला बोलावते," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मामा नको. तो ह्याला जिवंत ठेवायचा नाही. दवाखान्याची गाडी बोलाव. दोघांसाठी."

दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर घेतलं. काकूंचा हात पट्ट्यांनी गुंडाळला, मनगट बांधलं. दोन बोटं वाचतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले. टिल्लूच्या हाताला प्लॅस्टर घातलं. व्यसनाच्या वॉर्डातल्या त्याच डॉक्टरीणबाईंना ताईनं निरोप धाडला होता. त्या आल्या आणि दोन खाटांच्या मध्ये उभ्या राहिल्या. ताईच्या गळ्यावर बोटांचे लाल वळ उमटले होते. तिनं ओढणी काढून ठेवली होती, मुद्दाम.

"काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

टिल्लूनं मान वळवली. तो आईकडं बघत होता आणि हळूच, कोणाला दिसेल न दिसेल अशी मान हलवत होता, नको म्हणून. लहानपणी काही फोडल्यावर बापाला सांगू नकोस म्हणून हलवायचा तशी.

काकूंना पाणी हवं होतं. ताईनं फुलपात्र ओठांना लावलं. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या,

"हा मला मारतो. वर्ष होऊन गेलं. आज ह्यानं बहिणीचा गळा दाबला. मी थांबवलं नसतं तर मेली असती. ह्याला घरी पाठवू नका."

"आई!" टिल्लू उठून बसला. "आणि तू मारलंस ते? माझा हात कोणी मोडला, ते सांग ना! सांग की!"

"मी मोडला," काकू डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "तेही लिहून घ्या."

दोन वॉर्डबॉय त्याला न्यायला आले. आधी तो नीट चालला. दारापाशी गेल्यावर त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं प्लॅस्टरचा हात एकाच्या जबड्यावर हाणला आणि खाटांकडं धाव घेतली. तिसरा आला, चौथा आला. त्यांनी त्याला पालथा पाडून पाठीवर गुडघे रोवले आणि उचलून नेला. बाहेरच्या लांबलचक बोळात त्याचा आवाज बराच वेळ घुमत राहिला. आधी शिव्या होत्या, आईला घातलेल्या, नावं घेऊन. मग शिव्या सरल्या आणि नुसती हाक उरली.

ताई खुर्चीवरून उठली. काकूंनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"बस."

"अगं, तो तुला हाका मारतोय."

"ऐकतेय मी," काकू म्हणाल्या आणि तिचं मनगट सोडलं नाही.